जुना आणि नवा मराठी चित्रपट जोडीने कसा पाहावा

चित्रपटांचा विषय निघाला की मराठी घरांत हमखास दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते प्रभात फिल्म कंपनीनंतर, फार तर दिग्दर्शक राजा परांजपे यांच्यानंतर, पाहण्याजोगे काही झालेच नाही. दुसऱ्या पक्षाला कृष्णधवल चित्रपट म्हणजे रडारड, गाणी आणि नाटकी हातवारे एवढेच वाटते. दोघांचीही मते ठाम असतात, आणि समोरच्या पक्षाचे चित्रपट दोघांनीही बहुधा तुकड्यातुकड्यांनी, जेवता जेवता पाहिलेले असतात. या वादात न पडता स्वतःचे मत तयार करायचे असेल तर एक साधी पद्धत आहे. एकच विषय हाताळणारा किंवा एकाच अडचणीला भिडणारा एक जुना आणि एक नवा चित्रपट निवडावा, आठवडाभराच्या आत दोन्ही पूर्ण पाहावेत, आणि कोणता श्रेष्ठ हे ठरवण्याची घाई न करता त्याच वळणावर दोन दिग्दर्शकांनी काय काय वेगळे केले ते शोधावे. मी चित्रपट असेच पाहतो, आणि या पद्धतीने माझी बरीचशी लाडकी मते मोडीत निघाली आहेत.

पडद्याचा आकार आणि प्रतीची अवस्था

सर्वांत आधी यंत्र नीट करावे, कारण जुन्या चित्रपटांविषयीचे निम्मे गैरसमज तिथेच जन्माला येतात. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे जवळजवळ सगळे भारतीय चित्रपट चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत, म्हणजे साधारण ४ रुंद आणि ३ उंच अशा प्रमाणात चित्रित झालेले आहेत. आजचा टीव्ही त्याहून बराच रुंद असतो, आणि पुष्कळ घरांत तो जुने चित्र ताणून पूर्ण पडदाभर दाखवतो. त्यामुळे माणसे बुटकी आणि जाड दिसतात, आणि पाहणाऱ्याला मात्र वाटते की त्या काळातले नटच तसे होते. बैलगाडीचे चाक, परात किंवा घड्याळाची तबकडी दिसली की ती गोल आहे की लंबगोल, ते पाहावे. लंबगोल असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे मूळ प्रमाण निवडावे आणि दोन्ही बाजूंना राहणारे काळे पट्टे खुशाल राहू द्यावेत. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तीही बंद करावी. तिच्यामुळे सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागतो, आणि हे नुकसान जुन्याइतकेच नव्याचेही होते.

दुसरी गोष्ट प्रतीची. प्रभातच्या काळातली फिल्म नायट्रेटची असे आणि ती अत्यंत ज्वलनशील असते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठ्याला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील अनेक जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. आज आपण जे पाहतो ती बहुतेक वेळा प्रतीची प्रत असते, कधी कधी तिचीही प्रत. म्हणून धूसर चेहरा, पांढराफटक पडलेला आकाशाचा भाग किंवा संवादावर चढलेली खरखर यांचा दोष छायालेखकाला किंवा ध्वनिमुद्रकाला देऊ नये. एकाच चित्रपटाच्या दोन-तीन प्रती इंटरनेटवर सापडतात, त्यांची लांबी आधी ताडून पाहावी, कारण दूरदर्शनसाठी किंवा सीडीसाठी कापलेल्या प्रतीच पुष्कळदा फिरत असतात. १९३६चा 'संत तुकाराम' दोन तासांहून अधिक लांबीचा आहे. दीड तासाच्या आसपासची प्रत हाती आली तर ती पाहून मत देणे अन्यायाचे ठरेल. पुण्यात राहणाऱ्यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आणि मुंबईत राहणाऱ्यांनी प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायटीच्या खेळांवर लक्ष ठेवावे. अंधाऱ्या सभागृहात, अनोळखी लोकांबरोबर पाहिलेला जुना चित्रपट आणि फोनवर पाहिलेला तोच चित्रपट यांची तुलना होऊ शकत नाही.

आणखी एक सूचना, जी मराठी माणसाला अपमानास्पद वाटण्याची शक्यता आहे: १९३० आणि १९४०च्या दशकांतील चित्रपट पाहताना उपशीर्षके मिळत असतील तर ती चालू ठेवावीत, मग ती इंग्रजीत का असेनात. जुना ध्वनिपट, त्या वेळचे उच्चार आणि गाण्यात विरघळणारे शब्द यांमुळे आपल्याच भाषेतले बरेच काही निसटते, आणि निसटलेल्या शब्दांची जागा प्रेक्षक स्वतःच्या पूर्वग्रहाने भरून काढतो.

पहिली जोडी: दोन तुकाराम

नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी, कारण विषय सर्वांना ठाऊक आहे आणि गोष्ट समजून घेण्यात शक्ती खर्च होत नाही. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' १९३६चा. चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'तुकाराम' २०१२चा. पहिल्यात विष्णुपंत पागनीस, दुसऱ्यात जितेंद्र जोशी. पहिला चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला, हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा उच्चारले जाते की चित्रपट न पाहताच त्याला नमस्कार करण्याची सवय लागली आहे. नमस्कार बाजूला ठेवून तो पाहावा.

पाहताना पहिले लक्ष तुकारामावर नव्हे, त्याच्या बायकोवर, आवलीवर ठेवावे. गौरी या अभिनेत्रीने साकारलेली ही बाई म्हशीची, मुलांची आणि रिकाम्या डब्यांची काळजी वाहते, आणि चित्रपट तिची एकदाही टिंगल करत नाही. मूल आजारी पडते तेव्हा ती वहाण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघते. संतपटात देवाला असा जाब विचारणारी व्यक्ती खलनायक ठरायला हवी होती. इथे ती चित्रपटाचे दुसरे केंद्र ठरते. तुकाराम गातो तेव्हा चित्रपट स्थिरावतो, आवली बोलते तेव्हा तो जमिनीवर येतो, आणि या दोन ओढींमध्ये तो शेवटपर्यंत ताणलेला राहतो. माझ्या मते त्याचे मोठेपण चमत्कारांत नसून या ताणात आहे. उलट तुकारामाचा मत्सर करणाऱ्या सालोमालोचे कारस्थान आज पाहताना फार ढोबळ वाटते. तो दुष्ट आहे हे पहिल्याच प्रवेशात कळते आणि त्यानंतर त्याच्याविषयी कळण्यासारखे काही उरत नाही. अभिजात चित्रपटातल्या कमकुवत जागा दाखवण्यास कचरू नये. त्या दाखवल्या तरच बाकीच्या कौतुकाला वजन येते.

आता चमत्कार पाहावेत. १९३६च्या चित्रपटात चमत्कार घडतो तेव्हा कॅमेरा दचकत नाही. धान्य यावे, पाऊस यावा तसा तो येतो, कारण गावातल्या माणसांसाठी तो शक्यतेच्या कक्षेतलाच आहे. २०१२च्या चित्रपटापुढची अडचण वेगळी होती. त्याचा प्रेक्षक वर्तमानपत्रे वाचणारा, तुकारामांच्या मृत्यूविषयीचे वाद ऐकलेला, सामाजिक इतिहासाची थोडीफार जाण असलेला. म्हणून तो चित्रपट बालपणापासून सुरू होतो, घरची सावकारी दाखवतो, दुष्काळ दाखवतो, आणि एका सुस्थितीतल्या घरातला मुलगा अभंगांपर्यंत कसा पोहोचला याची कारणे एकामागून एक मांडत जातो. यात मिळकत मोठी आहे: तुकाराम हा विशिष्ट काळातला, विशिष्ट जातीव्यवस्थेतला, हिशेबाच्या वह्या हाताळणारा माणूस होता हे पहिल्यांदा नीट दिसते. तोटाही आहे. प्रत्येक गोष्टीला कारण दिले की अभंग हा फक्त परिणाम होऊन बसतो, आणि कविता सुचण्यातला जो भाग कोणालाच समजावून सांगता येत नाही त्याला पडद्यावर जागा उरत नाही. दोन्ही चित्रपट पाहून झाल्यावर एका वाक्यात लिहून पाहावे की पहिल्या चित्रपटाला कोणता प्रश्न पडला होता आणि दुसऱ्याला कोणता. माझे उत्तर असे आहे की पहिला 'हा माणूस घरात कसा राहत असेल' असे विचारतो आणि दुसरा 'हा माणूस असा का झाला' असे. तुमचे उत्तर वेगळे आले तर फारच उत्तम.

जाता जाता एक गंमत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. पहिल्या चित्रपटातील 'आधी बीज एकले' हे पद अनेकांना तुकारामांचाच अभंग वाटत आले आहे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आहे. चित्रपट पाहून झाल्यावर, आधी नव्हे, अशी माहिती शोधावी. आधी वाचली की डोळे चित्रपटात तीच शोधत बसतात.

रंग नसणे आणि रंग नाकारणे

दुसरी जोडी लहानशी, पण डोळ्यांना शिस्त लावणारी आहे. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' १९५३चा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. सुजय डहाके यांनी २०२३ साली साने गुरुजींच्या त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, आणि तोही कृष्णधवल. इथे थांबून विचार करावा. अत्रे यांच्या काळी मराठीत कृष्णधवल ही रूढ रीत होती, त्यात निवडीचा प्रश्नच नव्हता. डहाके यांनी मात्र रंग हाताशी असताना ते नाकारले. म्हणजे दोन्ही पडद्यांवर दिसणारा करडा रंग एकच असला तरी एका ठिकाणी तो आजूबाजूचे जग आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती भूतकाळाची आठवण आहे. प्रकाशयोजना, चेहऱ्यावरच्या सावल्या, कोकणातले पाणी आणि झाडी या चार गोष्टी दोन्हींत पाहाव्यात. जुन्यात प्रकाशाचा पहिला हेतू चेहरा स्वच्छ दिसावा हा आहे. नव्यात पुष्कळदा चौकट सुंदर दिसावी हा आहे. मला स्वतःला जुन्या चित्रपटात वनमालाबाईंनी साकारलेल्या आईसमोर नव्या चित्रपटातले सौंदर्य किंचित जड वाटले, परंतु श्यामच्या हट्टीपणाची बाजू नव्यात अधिक मोकळेपणाने आली आहे असेही वाटले. दोन्ही मते एकत्र बाळगता येतात, एकाने दुसऱ्याला खोडण्याची आवश्यकता नसते.

काळ पुढे गेला म्हणजे चित्रपट पुढे गेला असे धरू नये

जुने चित्रपट पाहताना आजचे प्रेक्षक एक सवलत देतात: त्या काळात तसेच होते, चालायचेच. ही सवलत जुन्या चित्रपटांचा अपमान करणारी आहे, कारण तिच्या मुळाशी विचार सरळ रेषेत सुधारत जातात अशी समजूत असते. ती मोडून काढण्यासाठी व्ही. शांताराम यांचा १९३७चा 'कुंकू' आणि विजय कोंडके यांचा १९९१चा 'माहेरची साडी' एकामागोमाग पाहावेत. 'कुंकू'मधील नीरा, म्हणजे शांता आपटे, फसवणुकीने म्हाताऱ्या विधुराच्या गळ्यात बांधली जाते आणि हे लग्न मी मानत नाही असे सांगून अखेरपर्यंत ते मानत नाही. चोपन्न वर्षांनंतरच्या चित्रपटातील नायिका सासरचा छळ सोसते, आणि तिच्या सोसण्यालाच चित्रपट पूज्य ठरवतो. यांतला जुना कोणता आणि नवा कोणता, हे सनावळी झाकून विचारले तर उत्तर उलटे येईल.

तरीही इथे एक सावधगिरी हवी. 'माहेरची साडी'ला राज्यभर जो प्रेक्षक लाभला तो मूर्ख होता असे मानून मोकळे होणे ही आळशी समीक्षा आहे. त्या चित्रपटात स्वतःचे दुःख ओळखणाऱ्या बायका चित्रपटगृहांत जमत होत्या, आणि हेच २०२३ साली 'बाईपण भारी देवा'च्या वेळीही घडले. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा एवढ्या भांडवलावर केदार शिंदे यांच्या चित्रपटाने बायकांचे गट नटूनथटून चित्रपटगृहापर्यंत आणले. त्याहून मागे गेले तर अनंत माने यांचा १९५९चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालल्याचे सांगितले जाते. गर्दी ही गुणवत्तेची पावती नसते, हे खरेच. पण ती एक माहिती असते. प्रेक्षकाला इथे काय सापडले, हा प्रश्न विचारून मगच स्वतःचे मत मांडावे. माझे मत विचाराल तर 'बाईपण भारी देवा' पटकथा म्हणून सैल आहे, बहिणींच्या अडचणी ओळीने मांडून ओळीने सोडवल्यासारख्या वाटतात. मात्र वयस्क अभिनेत्रींना पडद्याचा मध्य देण्याचे जे काम त्याने केले ते त्याच्याहून कसलेल्या अनेक चित्रपटांनी टाळले आहे.

सत्ता कुठे बसली आहे ते शोधावे

माझी सर्वांत आवडती जोडी जब्बार पटेल यांचा 'सामना' आणि उमेश कुलकर्णी यांचा 'देऊळ' ही आहे, आणि राजकारणाविषयी बोलणारा कोणताही चित्रपट कसा पाहावा याचा धडा तिच्यात मिळतो. 'सामना' १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. पटकथा विजय तेंडुलकर यांची. साखर कारखानदार हिंदूराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी आलेला दारूच्या आहारी गेलेला मास्तर, म्हणजे श्रीराम लागू, या दोघांच्या समोरासमोर बसण्यातून चित्रपट घडतो. मारुती कांबळेचे काय झाले, एवढा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो, आणि तेवढ्याने हिंदूरावांची सत्ता डळमळू लागते. हा चित्रपट एकदा नेहमीसारखा पाहावा आणि नंतर त्यातला एखादा मोठा प्रवेश आवाज पूर्ण बंद करून पाहावा. संवाद गेले की दिसू लागते की निळू फुले यांनी सत्ता आवाज चढवून दाखवलेलीच नाही. बसण्याची ऐस, मान वळवण्याचा वेग, समोरच्याला उत्तर देण्याआधी घेतलेला अवकाश, यांत ती आहे. या नटाला पुढे ज्या ठरावीक पाटील-सरपंचांच्या भूमिकांत अडकवले गेले त्यांवरून त्यांना ओळखणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा.

'देऊळ' २०११चा. केशव नावाच्या भाबड्या गुराख्याला झाडाखाली दत्ताचे दर्शन झाल्यासारखे वाटते, आणि ज्या गावात रुग्णालय व्हावे अशी एका शहाण्या माणसाची इच्छा आहे त्या गावात देऊळ उभे राहते. इथे हिंदूराव नाही. नाना पाटेकर यांचे भाऊ आहेत, पण तेसुद्धा लाटेवर स्वार होणारे, लाट निर्माण करणारे नव्हेत. गावातले चहावाले, पोरे, बायका, दुकानदार सगळेच थोडे थोडे त्यात सामील आहेत, आणि म्हणून कोणा एकाला प्रश्न विचारून काही होण्यासारखे नाही. 'सामना'मध्ये सत्तेला चेहरा होता आणि त्या चेहऱ्यासमोर एक माणूस बसू शकत होता; 'देऊळ'मध्ये सत्ता बाजारासारखी पसरली आहे. मधल्या साडेतीन दशकांत महाराष्ट्राच्या गावात काय बदलले, हे या दोन चित्रपटांइतके नेमके सांगणारे दुसरे काही मला माहीत नाही. राजकीय चित्रपट पाहताना 'यात खरे राजकारणी कोण' असा अंदाज बांधत बसण्याऐवजी सत्ता पडद्यावर नेमकी कोणाच्या हातात आहे आणि ती कोणत्या प्रवेशात हललेली दिसते, ते टिपावे. हीच दृष्टी मंत्रालयाकडे वळवायची असेल तर १९७९चा 'सिंहासन' आहेच.

आवाज आणि शांतता

बहुतेक प्रेक्षक संगीताविषयी बोलतात तेव्हा गाण्यांविषयी बोलत असतात. त्यापलीकडचे ऐकायला शिकण्यासाठी पुन्हा 'कुंकू'कडे यावे. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या जगातल्याच वस्तूंचे आणि माणसांचे आवाज आहेत. म्हाताऱ्याच्या घरातले घड्याळ त्यामुळे एक पात्रच होऊन बसते. त्यानंतर नागराज मंजुळे यांचा २०१६चा 'सैराट' पाहावा, ज्यात अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा भव्य नाद पूर्वार्धात ओतला आहे. पुष्कळांनी त्या गाण्यांना चित्रपटाची जाहिरात मानले आणि शेवटाला चित्रपटाचा आशय मानले. माझ्या समजुतीप्रमाणे ही फारकत चुकीची आहे. पूर्वार्ध तसा दुमदुमला नसता तर शेवटी आवाज काढून घेतला जातो त्याचा धक्का बसलाच नसता. ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी याहून अधिक सांगत नाही. सूचना एवढीच की हे दोन्ही चित्रपट हेडफोन लावून पाहावेत आणि संगीत कुठे सुरू झाले यापेक्षा ते कुठे थांबले याची नोंद ठेवावी.

'संथ' हा शब्द वापरण्यापूर्वी

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कृत झाला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, तरी आपल्याकडे त्याविषयी पहिला शब्द ऐकू येतो तो 'संथ'. कॅमेरा दूर, स्थिर, आणि प्रसंगातले नाट्य संपल्यानंतरही तो तिथेच थांबलेला. असा चित्रपट पाहताना घड्याळाकडे नजर गेली तर त्या क्षणी चौकटीत कोण कोण आहे ते मोजावे. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्याविरुद्ध युक्तिवाद करणारी सरकारी वकील कामावरून लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, हे चित्रपट सविस्तर दाखवतो. तिच्याविषयी चीड येऊ नये, किंवा आलेली चीड सोपी राहू नये, यासाठी तो वेळ खर्च केलेला आहे. म्हणजे संथपणा हा इथे न्यायाच्या बाजूने केलेला युक्तिवाद आहे. याउलट काही चित्रपट केवळ महोत्सवांत शोभून दिसावे म्हणून थांबून राहतात, आणि त्यांना कंटाळवाणे म्हणण्यास अजिबात संकोच करू नये. फरक ओळखण्याची खूण अशी की थांबलेल्या चौकटीतून आधी न दिसलेले काही दिसू लागले तर थांबणे सार्थ आहे.

विनोदी चित्रपटाची कसोटी

हा प्रकार सर्वांत अवघड, कारण आपले हसू आपल्या आठवणींशी जोडलेले असते. 'अशी ही बनवाबनवी' १९८८चा; तिचे संवाद पाठ नसलेले मराठी कुटुंब शोधावे लागेल. ती पाहताना विनोद घडण्याच्या आधीच हसू आले तर ते हसू आठवणीचे आहे असे समजावे आणि बाजूला ठेवावे. मग जे उरते ते पाहावे: पुण्यात जागा न मिळणाऱ्या तरुणांची खरीखुरी अडचण, वसंत सबनीसांच्या लेखणीची लय, आणि अशोक सराफ यांची ती किंचित उशिरा येणारी प्रतिक्रिया. मूळ कल्पना १९६६च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटातली आहे, हे कळल्याने कौतुक कमी होऊ नये; घेतलेल्या कल्पनेत इतके मराठीपण भरणे हेच कर्तृत्व आहे. जोडीला परेश मोकाशी यांचा २०२३चा 'वाळवी' घ्यावा. त्यात हसू माणसांच्या प्रेमळपणातून नाही, त्यांच्या क्रूरतेतून आणि फसलेल्या बेतातून येते, आणि पाहणाऱ्याला आपण कशाला हसलो याची जरा लाजही वाटते. पहिला चित्रपट पात्रांवर माया करतो, दुसरा त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. मला दोन्ही आवडतात, पण कुटुंबासह पुन्हा पाहायचा असेल तर हात पहिल्याकडेच जातो, हे मान्य करायला हवे.

मत लिहून काढताना

चित्रपट संपल्यानंतर त्याच रात्री, कोणाचेही परीक्षण न वाचता, वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: डोळ्यांसमोर राहिलेली एक चौकट, कानात राहिलेला एक आवाज, आणि न पटलेली एक जागा. चित्रपट कुठे आणि कोणत्या प्रतीतून पाहिला हेही लिहावे. 'भारी', 'जमला', 'फसला', 'अभिनय नैसर्गिक' असे शब्द पहिल्या मसुद्यात येतील, येऊ द्यावेत. दुसऱ्या दिवशी त्यांतला प्रत्येक शब्द खोडून त्या जागी प्रसंगाचे वर्णन लिहावे. 'अभिनय नाटकी आहे' याऐवजी 'वाक्य संपेपर्यंत समोरचा नट हलत नाही' असे लिहिले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या सोयी किती तुटपुंज्या होत्या, नट रंगभूमीवरून आलेले होते की नाही, आणि दिग्दर्शकाने ती अडचण झाकली की तिचा उपयोग करून घेतला.

कथानक सांगण्यात मजकुराचा पाचवा हिस्सा खर्च झाला की थांबावे. शेवट फोडू नये. जुन्या चित्रपटाचाही फोडू नये, कारण पंचाऐंशी वर्षांपूर्वीचा चित्रपटसुद्धा आज कोणीतरी पहिल्यांदाच पाहत असतो. आणि स्वतःहून वीस-तीस वर्षांनी लहान किंवा मोठ्या असलेल्या एखाद्या माणसाला तोच चित्रपट दाखवावा, पण लगेच मत विचारू नये. आठवड्याने विचारावे की काय आठवते. आठवणारे प्रसंग पुष्कळदा आपण वहीत लिहिलेल्या प्रसंगांहून पार निराळे निघतात, आणि त्या निराळेपणावर लिहिलेला परिच्छेद संपूर्ण लेखात सर्वांत वाचनीय ठरतो.

दुसऱ्याला काय सुचवावे

शिफारस करताना माणूस पाहून चित्रपट सुचवावा. कृष्णधवल चित्रपटाला नाक मुरडणाऱ्या तरुणाला संतपटापासून सुरुवात करायला सांगू नये. त्याला १९३९चा 'माणूस' द्यावा, ज्यातला पोलीस शिपाई गणपत आणि वेश्यावस्तीतली मैना यांची गोष्ट आजच्या कोणत्याही प्रेमपटाशेजारी ठेवली तरी ताजी वाटते. शेजाऱ्यांतल्या संशयाविषयी, धर्माविषयी बोलायचे असेल तर १९४१चा 'शेजारी' आहे, त्यातले धरण फुटण्याचे दृश्य तंत्र म्हणूनही पाहण्याजोगे आहे. नव्या चित्रपटांत काही राम नाही असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना 'सैराट'ऐवजी आधी संदीप सावंत यांचा २००४चा 'श्वास' दाखवावा. आजोबा, नातू आणि रुग्णालयातले ते दिवस त्यांना कोणत्याही प्रस्तावनेविना कळतात. त्यानंतर अविनाश अरुण यांचा 'किल्ला', आणि तो पचला की मग रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं', ज्याला २०२५ साली सनडान्सच्या महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. सुतकाचे नियम, नातेवाइकांच्या चौकश्या आणि लग्नाचा लकडा हे सगळे ज्येष्ठांना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. पाहून झाल्यावर त्यांना बोलू द्यावे, आणि तेवढा वेळ आपली वही मिटलेली ठेवावी.